खालचं कापड

“राहू द्या, मी मारते गाठ,” ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

नवऱ्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. टेबलावर तिने ठशांनी छापलेले कापडी पट एकावर एक रचलेले होते, त्यांच्याभोवती एक जुनं जाड कापड गुंडाळलेलं होतं आणि त्या कापडाची दोन टोकं त्याच्या हातात होती. गाठ बसली, सुटली. पुन्हा बसली, पुन्हा सुटली. उजवा हात मनगटापासून थरथरत होता, आणि तो त्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बघत होता. आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस. भर उंचीवर एका हाताने लोंबकळून दुसऱ्या हाताने नट पिळणारा.

“झाली,” तो शेवटी म्हणाला. “आता ही कॉलेजपर्यंत सुटायची नाही. लिफ्टचा दोर आहे असं समज.”

“पिशवीची चेन आजच तुटायची होती.”

“बरं झालं तुटली. एवढं मोठं कापड माळ्यावर पडून होतं, कामाला आलं. जा आता. आणि विचारलं तर उत्तर दे बाई. मागच्यासारखी बघत बसू नकोस त्यांच्याकडे.”

मागच्यासारखी म्हणजे मागच्या परीक्षणासारखी. त्या वेळी तीन माणसांनी तिला समोर बसवून एकच गोष्ट विचारली होती, ‘तुमचा संशोधनप्रश्न काय?’ आणि ती खरोखर बघत बसली होती. प्रश्न विचारायचे त्यांनी आणि वर प्रश्नही तिनेच सांगायचा, हे गणित तिच्या डोक्यात शिरेपर्यंत वेळ संपली. मग विभागप्रमुखांनी फार गोड आवाजात सांगितलं, की पुढच्या खेपेला प्रश्न सांगता आला नाही तर नोंदणी रद्द करावी लागेल. ती पुढची खेप आज होती.

तसं पाहिलं तर तिला या वयात हे झेंगट मागे लावून घ्यायची काही गरज नव्हती. चादरींच्या कारखान्यात तिने वीसेक वर्षं नक्षी काढली. वेली, चौकडे, थेंब, पानं. अर्धं गाव तिच्या वेलबुट्टीवर झोपत असेल, पण उशीखाली नाव कारखान्याचं. मग संगणक आला, नक्षीचा विभाग गेला, आणि घरी बसल्या बसल्या तिच्या मनाने घेतलं की आपलं नाव असलेलं एक काहीतरी या जगात असावं. कॉलेजात पदव्युत्तर संशोधन करता येतं, त्यात हाताने काम करायचं आणि त्याच कामावर लिहायचं, असं कुणीतरी सांगितलं. तिला वाटलं, हाताने काम आपण करतोच, लिहायचं काय एवढं! तिथेच ती फसली.

आता कुणी भेटलं की विचारायचं. नणंद तर दर फोनला विचारायची, “वहिनी, लागला का तुमचा तो शोध?” ही म्हणायची, “लागेल हो वन्सं.” पण हरवलंय काय हेच माहीत नसेल तर माणसाने शोधायचं कुठे? गाइड सर म्हणायचे, वाचा. वाचलं की डोक्यात आणखी गुंता व्हायचा. मग सर म्हणायचे, गुंता होणं चांगलं लक्षण आहे. तसं असेल तर तिच्याइतकी गुणी विद्यार्थिनी त्या इमारतीत दुसरी नव्हती.

परीक्षणाच्या खोलीबाहेर बाकावर खुर्चीवाली बसली होती. ही तिच्याबरोबरची संशोधक. दोन वर्षं एकाच खुर्चीवर संशोधन करत होती आणि त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नव्हती, म्हणून हे नाव पडलेलं. पोरगी मनाने मोकळी होती.

“ताई, घाबरू नका. प्रश्न विचारला की आधी थोडं थांबायचं. मग म्हणायचं, मी त्या अनिश्चिततेसोबत काम करतेय.”

“कुठल्या अनिश्चिततेसोबत?”

“कुठल्याही. कुणी विचारत नाही पुढे.”

ती मनातल्या मनात ते वाक्य घोकत आत गेली.

आत विभागप्रमुख होते, गाइड सर होते आणि या खेपेला बाहेरून बोलावलेल्या एक परीक्षक बाई होत्या. पांढरे केस अगदी बारीक कापलेले, गळ्यात चष्मा. तिने गाठोडं लांब टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. तिने नखांनी ओढलं, तळव्याने दाबलं. विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं आणि खणातून कात्री काढून पुढे केली.

“नको नको,” ती दचकून म्हणाली. “नवऱ्याने मारलीय.”

हे काही कारण झालं नाही, हे तिलाही कळलं. शेवटी तिने चक्क दातांनी गाठ सोडवली. पट अलगद बाजूला ठेवले, ते जुनं कापड टेबलावर नीट पसरलं, कारण कॉलेजची टेबलं कधी स्वच्छ नसतात, आणि त्याच्यावर एकेक पट मांडला. निळ्यावर निळा, राखाडीवर राखाडी, कुठे रेघ हललेली नाही, कुठे ठसा सरकलेला नाही.

परीक्षक बाई टेबलाभोवती एक फेरी मारून आल्या. “सुबक आहे,” त्या म्हणाल्या.

गाइड सरांचा चेहरा पडला. बाहेर कुठेही सुबक म्हटलं तर माणूस खूश होतो, पण त्या इमारतीत सुबक म्हणजे मेल्यात जमा.

“प्रश्न काय आहे तुमचा?”

ती थांबली. थांबायचं सांगितलं होतं तितकी थांबली, त्याहून जास्त थांबली, पण घोकलेलं वाक्य काही वर येईना. बाईंनी वाट बघितली, आणि सहज चाळा म्हणून एका पटाचं टोक उचललं. मग तो पट पूर्ण उचलला. मग शेजारचा.

“हे काय आहे?”

“ते काही नाही. ते खालचं कापड आहे.”

आणि ते खरंच काही नव्हतं. छापताना टेबलावर आधी एक जाड कापड अंथरतात. वरच्या कापडातून झिरपलेला रंग ते पितं, काठाबाहेर पडलेला अर्धा ठसा ते झेलतं. मळलं की फेकून देतात. तिला फेकवत नव्हतं म्हणून तिने माळ्यावर टाकलं होतं, एवढंच. कारखाना सुटल्यापासून गेल्या वर्षीपर्यंतचं सगळं छापकाम त्याच्यावर झालं होतं. अर्धी पानं, तुटके थेंब, वेलीवर वेल, त्याच्यावर आणखी चौकडे, मध्येच चहाच्या कपाचं गोल बूड.

“हे कुणी केलं?”

“केलं नाही कुणी,” ती ओशाळून म्हणाली. “ते होत गेलं.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाइड सरांनी ते वाक्य लिहून घेतलं.

बाई आता वाकून बघत होत्या. एका कोपऱ्यात येऊन त्यांचं बोट थांबलं. सगळं कापड रंगाने गच्च भरलेलं, आणि तिथे एक जागा कोरी. तळहाताएवढी, नव्हे तळहाताचीच. बोटांच्या कडा पुसट होत्या, अंगठ्याची बाजू ठळक होती.

“आणि ही?”

“तिथे हात असायचा माझ्या मिस्टरांचा. मी छापताना कापड सरकतं ना, म्हणून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून कोपरा दाबून धरायचे. नेहमी तिथेच. मी त्यांच्या हाताच्या कडेकडेने छापायचे, तेवढी पट्टी मग शिवताना कापून जायची.”

बाईंनी आवाज खाली आणला. “आणि आता हा हात इथे नाही.”

तिच्या डोळ्यांसमोर एकदम त्या हाताऐवजी आता लागणाऱ्या लोखंडी क्लिपा आल्या. आणि सकाळची गाठ आली, सुटलेली, पुन्हा सुटलेली. डोळे भरून आले आणि तिने मान हलवली. नाही म्हणून. त्यात खोटं काही नव्हतं.

“किती दिवस झाले?”

“वर्ष होत आलं.”

“अचानक?”

“नाही हो, हळूहळू. आधी आधी नुसता कप हलायचा. आम्ही लक्ष दिलं नाही.”

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. विभागप्रमुखांनी मोबाइल उलटा करून ठेवला. तिला वाटलं, किती चांगली माणसं आहेत ही, नवऱ्याचा हात थरथरतो म्हणून यांच्या पोटात केवढं तुटलं. मग ते आपसात हळू आवाजात बोलले. तुटक शब्द तिच्या कानावर आले. पट ठीक आहेत, पण काम हे आहे. प्रश्न त्यांच्या हातात होता, त्यांना दिसत नव्हता. शेवटी विभागप्रमुख म्हणाले, “नोंदणी कायम. यापुढे या कापडावर काम करा.” आणि उठता उठता, माणुसकी म्हणून, ते पुढे बोलले, “आज ते असते तर त्यांना फार आनंद झाला असता.”

कोण असते तर, हे कळायला तिला थोडा वेळ लागला.

कळलं तेव्हा तिने तोंड उघडलं होतं, हे खरं. पण ‘कायम’ हा शब्द नुकताच कानात पडला होता, परीक्षक बाई टाचा उंचावून कोरी जागा पुन्हा एकदा बघत होत्या, गाइड सर दोन वर्षांत पहिल्यांदा हसत होते. अशा वेळी ‘अहो, ते घरी वाटाणे सोलतायत’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? ती पट गोळा करत राहिली. गाठ मारायला गेली आणि तिला ती नवऱ्यासारखी घट्ट मारता येईना.

“ताई, तुम्ही एवढं मोठं दुःख उराशी धरून येत होतात, आणि मी तुम्हाला ‘वाचा, वाचा’ करत होतो,” बाहेर आल्यावर गाइड सर म्हणाले. तिच्यापेक्षा वयाने लहान, डोळे ओले झालेले. “पण प्रश्न मिळाला बघा आपल्याला. अनुपस्थिती! जो माणूस नाही तो कापडावर कसा राहतो? शीर्षकाचं मी बघतो. आजच पाठवतो बाईंना.”

“सर, ते जरा...”

“आज काही बोलू नका. घरी जा, पडा जरा.”

खुर्चीवालीने तर मिठीच मारली. “बोलला नाहीत ना कधी,” असं म्हणून ती रडायलाही लागली. आता जिवंत नवऱ्यासाठी रडणाऱ्या पोरीची समजूत काढायची तरी कशी? तिने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आपण सांत्वन करतोय की करून घेतोय, हेही तिला समजेना.

बसमध्ये गाठोडं मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर बघत बसली. आनंद व्हायला हवा होता. नाव लागणार होतं. पण नाव लागणार होतं ते कशावर, तर न केलेल्या कामावर, आणि न मेलेल्या माणसावर. बरं, सगळंच खोटं म्हणावं तर तसंही नव्हतं. कोपऱ्यात हात नव्हताच. आणि तो कुणी काढला होता? गेल्या वर्षी ठशाची कड दुहेरी उमटायला लागली. कापड हलत होतं, कारण धरणारा हात हलत होता. तिने एक दिवस बाजारातून क्लिपा आणल्या आणि सांगितलं, ‘कॉलेजात क्लिपाच लागतात म्हणे. सरांनी सांगितलंय.’ सरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. नवरा बरं म्हणाला. त्याने क्लिपांच्या जबड्यांना आतून जाड लोकर चिकटवून दिली, कापडाला वळ पडू नयेत म्हणून, आणि दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीजवळ बसायचा बंद झाला.

ती घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात खरोखरच वाटाणे सोलत होता. काही भांड्यात पडले होते, बरेचसे जमिनीवर.

“काय झालं? रद्द केलं?”

“नाही. कायम केलं.”

“मग तोंड असं का?”

ती समोर बसली. घोटभर पाणी प्यायली. “एक गोंधळ झालाय. म्हणजे मी केलाय. म्हणजे आधी झाला, मग मी तो होऊ दिला.”

“सरळ सांग की.”

“त्यांना वाटलं, तुम्ही गेलात.”

“कुठे?”

तिने नुसतं वर बघितलं. त्यानेही तिच्या नजरेमागे छताकडे बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो असा हसत सुटला की मांडीवरचं भांडं घरंगळलं आणि उरलेसुरले वाटाणेही जमिनीवर गेले.

“मारलंस होय मला? आणि मी इथे तुझ्यासाठी वाटाणे सोलतोय! कशाने गेलो म्हणे?”

“ते नाही विचारलं. हळूहळू गेलात एवढं मी सांगितलं.”

“हे चांगलं केलंस. घाईने जायचा माझा स्वभाव नाही.”

तीही हसली. दोघं जमिनीवर बसून वाटाणे गोळा करायला लागले. ती सांगत होती, परीक्षक बाईंनी खालचं कापड कसं उचलून पाहिलं, पट कसे सुबक निघाले, खुर्चीवाली कशी रडली. कोऱ्या जागेबद्दल सांगितलं तेव्हा तो थांबला.

“माझा हात दिसतो त्याच्यात?”

“अंगठ्यासकट.”

“मी कधी पाहिलंच नाही बघ.” मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, “पण तू मान का हलवलीस?”

“अहो, त्या म्हणाल्या, हा हात आता इथे नाही.”

“मग?”

“मग नाहीच की.”

त्याने उजवा हात डाव्या हातात धरला. तो तसाही हलतच होता. “क्लिपा तू आणल्यास तेव्हाच मला कळलं होतं,” तो म्हणाला. “सरांचं नाव उगाच घेतलंस. दुहेरी कड मलाही दिसत होती. डोळे चांगलेत माझे.”

“मला वाटलं, सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल.”

“वाटलंच.”

तिला रडू आलं, आणि या खेपेला ते कशासाठी आलं हे तिला पक्कं माहीत होतं. आज दिवसभरात एवढी एकच गोष्ट तिला स्पष्ट कळली होती. तिने डोळे पुसले, मोबाइल काढला आणि गाइड सरांना फोन लावला.

“सर, एक सांगायचं होतं. माझे मिस्टर आहेत.”

“हो ताई, ते असतातच, आपल्या आसपास...”

“तसे नाही हो. इथे आहेत. वाटाणे गोळा करतायत.”

सर एकदम चिरक्या आवाजात म्हणाले, “पण मी शीर्षक पाठवलं ना! अनुपस्थितीचं आता काय करायचं?”

“ते मला नाही माहीत. त्यांचा हात थरथरतो, म्हणून मीच त्यांना उठवलं तिथून. मी मान हलवली ती त्यासाठी. नंतर गप्प बसले, ती चूक झाली.”

“ताई, हे बाईंना कळवावं लागेल. कदाचित ते कायम केलेलंही... पुन्हा समोर बसावं लागेल तुम्हाला. आणि तेव्हा विचारतील, प्रश्न काय, तर काय सांगणार?”

“ते अजूनही नाही सांगता येत,” ती म्हणाली. “पण बसेन मी.”

फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. दोन वर्षांचं घोंगडं पुन्हा भिजत पडलं, आणि ते आपण आपल्या हाताने भिजवलं. नवऱ्याने वाटाण्यांचं भांडं ओट्यावर ठेवलं, बाहेरच्या खोलीत गेला आणि गाठोडं सोडू लागला. गाठ तिची होती, चटकन सुटली. पट उचलून त्याने पलंगावर ठेवले. जुनं कापड छापायच्या टेबलावर पसरलं, पण उलटसुलट, मग फिरवून नीट, आणि खिडकीजवळची खुर्ची ओढून घेतली.

“आण काहीतरी कोरं,” तो म्हणाला.

“आत्ता?”

“मग कधी? पुन्हा मारतील ते मला.”

तिने त्याच्यावर कोरं कापड अंथरलं, खालचं सगळं दिसेल इतकं पातळ. रंग कालवला. तीन कोपऱ्यांना लोकर लावलेल्या क्लिपा लावल्या, चौथी हातात घेतली आणि काय करावं ते न कळून तशीच उभी राहिली.

नवरा कापडावर वाकून आपली जागा शोधत होता. ती सापडल्यावर त्याने तळवा तिच्यावर टेकवला. बोटं बोटांवर बसली, अंगठा अंगठ्यावर. क्षणभर सगळं अगदी जुळलं. मग हात हलायला लागला आणि कोऱ्या जागेची कड त्याच्याखालून डोकावायची, लपायची, पुन्हा डोकावायची.

“क्लिप खाली ठेव ती,” तो म्हणाला. “इथे मी आहे.”

तिने पानाचा ठसा रंगात बुडवला, निथळू दिला आणि त्याच्या अंगठ्याला लागून कापडावर दाबला. उचलला तेव्हा पानाला दोन कडा आल्या होत्या, एक ठळक, एक पुसट. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने ठसा पुन्हा रंगात बुडवला आणि दुसरं पान त्याच्या करंगळीशेजारी टेकवलं.